‘पागडी’ म्हणजे डिपॉझिट का?

प्रश्न: मुंबईच्या भाडे नियंत्रणावर लिहिताना ‘पागडी’ आणि ‘डिपॉझिट’ सर्रास एकाच अर्थाने वापरतात. ‘पागडीचं घर विकलं’ असंही ऐकतो. भाडेकरू घर विकेल कसा?

उत्तर 1: घर विकत नाही, भाडेहक्क विकतो. डिपॉझिट घर सोडताना मालक परत करतो. पागडी मालकाकडून परत मिळत नाही, ती पुढच्या येणाऱ्याकडून वसूल होते. येणारा पैसे मोजतो, जाणारा ताबा देतो आणि मालक आपला हिस्सा (रूढीने साधारण एक तृतीयांश, कायद्यात आकडा नाही) घेऊन नव्या नावाने भाडेपावती फाडतो. सगळं त्या पावतीवर अडतं. मालकाला बगल देऊन ताबा दिला, तर 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 26 चा भंग होतो आणि कलम 16 खाली घर खाली करून घेण्याचा दावा लागतो. मग पैसेही गेले आणि घरही.

1947 च्या जुन्या भाडे कायद्याखाली पागडी घेणं गुन्हा होता, म्हणून जुन्या लिखाणात हा शब्द काळ्या पैशाच्या वासासकट येतो. 1999 च्या कायद्याच्या कलम 56 ने ती वैध झाली.

उत्तर 2: भाडे नियंत्रणावर लिहिताना आणखी दोन शब्द जपून वापरावेत. ‘गोठवलेलं भाडं’ हा मालकांच्या बाजूचा शब्द, ‘संरक्षण’ भाडेकरूंच्या. दोन्ही खरे. जुन्या घरांची भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधली होती. नव्या कायद्याने वर्षाला 4 टक्के वाढ दिली. म्हणजे 2000 सालचे 100 रुपये चक्रवाढीने धरले तरी 25 वर्षांत 267 च्या आसपास. त्यात गच्चीचं डांबरही होत नाही. म्हणून दुरुस्ती रखडते, आणि उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींचा भार म्हाडाच्या मंडळावर येतो.

प्रश्नकर्ता: मग अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा?

उत्तर 1: बोलीत भाडेकरूच, कायद्यात परवानाधारक, म्हणजे ठरलेल्या मुदतीपुरती राहायची फक्त परवानगी असलेला. मुदत संपून घर सोडलं नाही तर कलम 24 प्रमाणे दुप्पट आकारणी. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरतात. ते खोटं ठरवायचं तर पुरावा मालकाने आणायचा. बातमीत हे दोघे एकाच ‘भाडेकरू’त कोंबले की वाद भलत्याच अंगाने जातो.