मदत हवी आहे : स्टेंटनंतर ५ महिन्यांत हर्नियाचं ऑपरेशन

वडील ६७ वर्षांचे. हार्ट अटॅकनंतर एलएडीमध्ये (हृदयाच्या पुढच्या मोठ्या रक्तवाहिनीत) औषध लावलेला एक स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) बसवला, त्याला ५ महिने झाले. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून अॅस्पिरिन ७५ आणि क्लोपिडोग्रेल ७५ चालू आहे, एकही डोस चुकलेला नाही. मधुमेह आहे, किडनी ठीक.

आता जांघेतला हर्निया खोकलं की लिंबाएवढा बाहेर येतो. आडवं झाल्यावर आत जातो, म्हणजे अजून अडकलेला नाही. सर्जन म्हणतात, दोन्ही गोळ्या ५ दिवस बंद करून उरकून टाकू. हृदयाचे डॉक्टर म्हणतात, अटॅकनंतर १२ महिने दोन्ही हव्यातच, नाहीतर स्टेंटमध्ये गुठळी व्हायची भीती. दोघांना एकमेकांशी बोलायला सांगितलंय, अजून मुहूर्त लागलेला नाही! हर्नियाचा पट्टा वापरून पाहिला, काचतो.

गोळ्या आम्ही मनाने थांबवणार नाही, निर्णय डॉक्टरांचाच. पण त्यांना नेमकं काय विचारावं ते कळत नाहीये. अटॅकनंतर वर्षाच्या आत असं ऑपरेशन कुणाच्या घरी झालंय का? अॅस्पिरिन चालू ठेवून फक्त क्लोपिडोग्रेल थांबवली होती का, आणि ती पुन्हा कितव्या दिवशी सुरू केली?