मदत हवी आहे: एडीएचडीच्या गोळ्यांवरचे अवलंबित्व कसे ओळखावे आणि उपचार कोठून सुरू करावेत?

नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत राहतो. माझे पती सॉफ्टवेअर क्षेत्रात आहेत, वय ३८. २०२१ मध्ये सगळे घरून काम करत असताना एका ऑनलाइन सेवेतून व्हिडिओ कॉलवर तपासणी होऊन त्यांना प्रौढ वयातील एडीएचडीचे (लक्ष न टिकणे, चंचलपणा आणि उतावळेपणा यांच्या विकाराचे) निदान झाले आणि ॲडरॉल हे ॲम्फेटामिन असलेले उत्तेजक औषध सुरू करण्यात आले. तपासणी घाईने झाली असली, तरी निदान चुकीचे होते असे मला वाटत नाही. त्यांच्या शाळेच्या दिवसांबद्दल सासूबाई जे सांगतात, ते या आजाराच्या वर्णनाशी तंतोतंत जुळते, आणि पहिले वर्षभर गोळीचा फायदाही स्पष्ट दिसत होता. अर्धवट राहिलेली कामे पूर्ण होऊ लागली, बिले वेळेवर भरली जाऊ लागली आणि मुलीचा अभ्यास घेताना ते चिडेनासे झाले.

नंतर हळूहळू चित्र बदलत गेले. सकाळच्या दीर्घकाळ परिणाम करणाऱ्या गोळीला दुपारची कमी वेळ चालणारी गोळी जोडली गेली आणि मग दोन्हींची मात्रा वाढली. आता महिनाभराची बाटली तिसऱ्या आठवड्यातच रिकामी होते, आणि पुढचे प्रिस्क्रिप्शन मिळेपर्यंतचे दिवस ते जवळजवळ झोपून काढतात, अधाशासारखे खातात आणि कोणाशी बोलत नाहीत. बाटली हाती आली की याच्या अगदी उलट चालते: रात्री दोन-तीन वाजेपर्यंत काम, जेवणाकडे दुर्लक्ष, दात करकर खाणे, आणि झोप यावी म्हणून व्हिस्की. त्यांचे वजन बरेच उतरले आहे. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ॲडरॉलचा तुटवडा जाहीर केला, त्यानंतर काही काळ फार्मसीत औषध मिळेना, तेव्हा त्यांनी एका ओळखीच्या माणसाकडून गोळ्या घेतल्या होत्या. अलीकडे कपाटात लेबल नसलेल्या पिशवीत तशाच दिसणाऱ्या गोळ्या मला सापडल्या आहेत.

विषय काढला की त्यांचे उत्तर ठरलेले असते. डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध घेणे हे व्यसन कसे असेल, मधुमेहाच्या रोग्याला कोणी इन्सुलिन कमी कर असे सांगते का, असे ते विचारतात, आणि या युक्तिवादाला काय उत्तर द्यावे हे मला खरोखर कळत नाही. आजार खरा आहे आणि औषधही खरे आहे. अशा वेळी उपचार कोठे संपतो आणि अवलंबित्व कोठे सुरू होते, हे कशावरून ठरवतात? गोळ्या एकदम बंद केल्या तर धोका आहे का? व्यसनावर उपचार घ्यायचे ठरले, तर एडीएचडीचे काय करायचे? आणि त्यांची तयारी नसताना मी नेमका कोणाला फोन करावा?

एक विनंती आहे. इच्छाशक्ती, प्राणायाम आणि ब्राह्मी यांविषयीचे सल्ले घरून भरपूर मिळाले आहेत, त्यामुळे ते येथे नकोत.

— सावली


मनोवैद्य यांचा प्रतिसाद

सावलीताई, मी मनोविकारतज्ज्ञ आहे, परंतु आपल्या पतींना मी तपासलेले नाही, म्हणून पुढील मजकूर निदान म्हणून वाचू नये.

सर्वांत आधी त्या लेबल नसलेल्या गोळ्यांविषयी, कारण बाकी सर्व गोष्टींना चार दिवस उशीर झाला तरी चालेल, याला नाही. अमेरिकेत ॲडरॉलसारख्या हुबेहूब दिसणाऱ्या बनावट गोळ्यांमध्ये मेथॲम्फेटामिन आणि कधी फेंटानिल (अफूच्या जातीचे अतिशय तीव्र द्रव्य) सापडले आहे, आणि तेथील अमली पदार्थविरोधी यंत्रणेने त्याविषयी जाहीर इशारे दिले आहेत. रोज ॲम्फेटामिन घेणाऱ्या शरीराला फेंटानिलची अजिबात सवय नसते, आणि त्यात दारू असेल तर श्वास मंदावण्याचा धोका आणखी वाढतो. फेंटानिलसारख्या द्रव्यांचा परिणाम उलटवणाऱ्या नॅलोक्सोनचा नाकात मारण्याचा फवारा २०२३ पासून अमेरिकेत प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळतो. तो आजच आणून ठेवावा आणि कसा वापरायचा हे फार्मसिस्टकडून समजून घ्यावे. छातीत दुखणे, भोवळ येऊन पडणे, अंग तापून भ्रमिष्टासारखे वागणे, कोणीतरी पाळत ठेवते आहे असा संशय किंवा नसलेले आवाज ऐकू येणे, यांपैकी काहीही दिसले तर वाद न घालता ९११ ला फोन करावा.

आता इन्सुलिनच्या युक्तिवादाकडे वळतो. तो अर्धा बरोबर आहे, आणि म्हणूनच त्याला उत्तर देणे कठीण जाते. औषधाला शरीर सरावणे आणि ते बंद केल्यावर त्रास होणे, या दोन गोष्टी केवळ आहेत म्हणून कोणी व्यसनी ठरत नाही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत उत्तेजक द्रव्यांच्या वापराच्या विकारासाठी ११ निकष आहेत, आणि औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली, सांगितल्याप्रमाणे घेतले जात असेल, तर हे दोन निकष मोजायचेच नाहीत असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. उरलेले निकष वागण्याविषयी आहेत: ठरवल्यापेक्षा जास्त घेणे, कमी करण्याचे प्रयत्न फसणे, औषध मिळवण्यात आणि त्यातून सावरण्यात वेळ जाणे, तीव्र ओढ लागणे, घर आणि काम यांच्यावर परिणाम होणे, आवडीच्या गोष्टी सुटणे, अपाय दिसत असूनही घेत राहणे. वर्षभरात दोन किंवा तीन निकष जुळले तर विकार सौम्य, चार-पाच जुळले तर मध्यम आणि सहा किंवा अधिक जुळले तर तीव्र मानतात. मधुमेहाचा रोगी महिन्याचे इन्सुलिन तीन आठवड्यांत संपवत नाही आणि अनोळखी पिशवीतून ते विकतही घेत नाही. आपल्या पतींचा प्रश्न गोळी रोज घेण्याचा नाही; गोळी केव्हा आणि किती घ्यायची हे प्रिस्क्रिप्शनने ठरवण्याचे थांबले आहे, हा आहे.

हे कसे घडते ते समजून घेतले, तर त्यांच्याशी बोलताना आपला सूर आरोपाचा राहणार नाही. ॲम्फेटामिन मेंदूत डोपामिन आणि नॉरॲड्रेनालिन या रसायनांचे प्रमाण वाढवते. योग्य मात्रेत त्यामुळे लक्ष टिकते. मात्रा वाढवत नेल्यावर लक्ष त्या प्रमाणात वाढत नाही, जागरण मात्र वाढते. अपुऱ्या झोपेमुळे विसराळूपणा, चिडचिड आणि कामे लांबणीवर टाकणे वाढते, आणि ही सगळी एडीएचडीचीच लक्षणे वाटत असल्यामुळे माणसाला आपला आजार बळावला असे प्रामाणिकपणे वाटते. मग तो आणखी एक गोळी घेतो. संध्याकाळी औषध उतरताना येणारी उदासी आणि तडफड दारूने दाबली जाते, आणि दारूमुळे उरलीसुरली झोपही बिघडते. आपण लिहिलेल्या वर्णनात हे चक्र मला जवळजवळ पूर्ण दिसते. २०२३ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने या गटातील सर्व औषधांच्या माहितीपत्रकातला चौकटीतला, म्हणजे सर्वांत गंभीर, इशारा अद्ययावत केला, आणि त्यात गैरवापर, व्यसन व अतिमात्रा यांच्याबरोबर गोळ्या दुसऱ्याला देण्याच्या धोक्याचाही उल्लेख आहे.

एकदम बंद करण्याविषयी. दारू किंवा झोपेच्या गोळ्या अचानक थांबवल्यावर जसे झटके येऊ शकतात, तसे येथे सहसा होत नाही. मात्र पहिल्या काही दिवसांत प्रचंड थकवा, अतिझोप किंवा निद्रानाश, सपाटून भूक, विचित्र स्वप्ने आणि खोल निराशा येते, आणि या निराशेत आत्महत्येचे विचार येऊ शकतात. म्हणून गोळ्या लपवणे किंवा संडासात ओतणे हा उपाय नाही. डॉक्टर बहुधा मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवतील आणि त्या काळात मनःस्थितीवर लक्ष ठेवतील. दारूचे रोजचे प्रमाण त्यांना खरेखरे सांगा, कारण ती अचानक थांबवण्याचा धोका वेगळा आणि अधिक गंभीर आहे.

उत्तेजकांच्या विकारासाठी अमेरिकेत मान्यता मिळालेले एकही औषध नाही. उपचाराचा कणा मानसोपचाराचा आहे. सर्वांत भक्कम पुरावा आहे तो लघवीची तपासणी निर्मळ आली की छोटे, ठरलेले बक्षीस देण्याच्या पद्धतीला. प्रौढ माणसाला बक्षीस देऊन सवय सोडवायची ही कल्पना आपल्याकडे अनेकांना पोरकट वाटते. मलाही ती पटायला वेळ लागला, पण परिणाम दिसतात. मात्र ज्याला डॉक्टरांनीच ॲम्फेटामिन दिले आहे, त्याच्या बाबतीत तपासणीचा अर्थ आधी नीट ठरवून घ्यावा लागतो. याच्या जोडीला संज्ञानात्मक वर्तनोपचार असतात.

आणि एडीएचडी? तो उपचाराविना सोडू नये. उपचार न झालेला एडीएचडी माणसाला पुन्हा त्याच गोळीकडे ढकलतो. ॲटोमॉक्सेटिनला २००२ मध्ये आणि व्हिलोक्साझिनला २०२१ मध्ये मान्यता मिळाली. दोन्ही उत्तेजक नाहीत. ॲटोमॉक्सेटिनचा पुरा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, हे आधी सांगितले नाही तर रोगी दुसऱ्याच आठवड्यात ‘हे निरुपयोगी आहे’ असा निकाल देतो. काही रुग्णांना पुढे उत्तेजक औषध परत देताही येते, पण दीर्घकाळ परिणाम करणाऱ्या स्वरूपात, एका वेळी थोड्याच गोळ्या आणि त्या घरातल्या दुसऱ्या व्यक्तीच्या ताब्यात, अशा अटींवर. तो निर्णय तज्ज्ञांचा.

फोन कोणाला करावा? व्यसनोपचारात विशेष प्रशिक्षण घेतलेल्या मनोविकारतज्ज्ञाला. तो कसा शोधावा हे कळत नसेल, तर सरकारची १-८००-६६२-४३५७ ही हेल्पलाइन विनामूल्य आणि चोवीस तास चालते, आणि कुटुंबीयांनाही मार्गदर्शन करते. आत्महत्येची भाषा कानावर आली तर ९८८. सध्या प्रिस्क्रिप्शन देणाऱ्या डॉक्टरांनाही आपण कळवू शकता. गोपनीयतेच्या कायद्यामुळे ते पतींविषयी आपल्याला काही सांगू शकणार नाहीत, पण आपण सांगितलेले ऐकून घ्यायला त्यांना कोणताही कायदा मनाई करत नाही. ही गोष्ट अनेक कुटुंबांना ठाऊकच नसते.


उत्तररात्र यांचा प्रतिसाद

मी स्वतः यातून गेलो आहे, म्हणून डॉक्टरांनी लिहिलेल्यात थोडीच भर घालतो. गोळी सुटल्यावर पहिले काही दिवस वाईट जातील हे मला ठाऊक होते. नंतरचे रिकामेपण मात्र अनपेक्षित होते. झोप आणि भूक ताळ्यावर आल्यानंतरही कित्येक आठवडे कशातच रस वाटत नव्हता, आणि गोळीशिवायचा मी असाच आहे अशी माझी खात्री झाली होती. ती खात्री चुकीची ठरली. त्या काळात राजीनामा देण्यासारखे निर्णय घेऊ नयेत, एवढे त्यांना आधीच सांगून ठेवा.

दुसरे, माझ्या पत्नीने ‘क्राफ्ट’ नावाचे कुटुंबीयांसाठीचे प्रशिक्षण घेतले होते. उपचाराला तयार नसलेल्या माणसाशी केव्हा बोलावे, केव्हा बोलू नये, तो शुद्धीत आणि शांत असलेला वेळ कसा साधावा आणि त्याच्या वागण्याचे परिणाम स्वतःच्या अंगावर घेणे कसे थांबवावे, हे त्यात शिकवतात. ऑफिसात माझ्या वतीने थापा मारणे तिने थांबवले, त्यानंतर मी पहिल्यांदा अपॉइंटमेंट घेतली.

— उत्तररात्र


सावली

दोघांचेही मनापासून आभार. नॅलोक्सोन आणले आहे. काल सकाळी, दारू नसताना, मी इन्सुलिनचा मुद्दा त्यांच्यापुढे डॉक्टरांच्या शब्दांत ठेवला. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग पिशवीतल्या गोळ्या कोठून आल्या ते त्यांनी सांगितले. तपासणीची वेळ घेतली आहे.

दोन शंका उरल्या आहेत. सासूबाईंचे म्हणणे आहे की माझ्या पतींना काही महिने पुण्याला पाठवावे. आणि आमचा ग्रीन कार्डचा अर्ज प्रलंबित आहे, त्यामुळे कागदोपत्री व्यसनाची नोंद होईल या भीतीने ते उपचारच टाळतील असे वाटते.


मनोवैद्य यांचा प्रतिसाद

पुण्यात चांगले उपचार मिळतात, यात शंका नाही. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राची परंपरा आपल्याला ठाऊक असेलच. तरीही पहिली तपासणी आणि मात्रा उतरवण्याचा काळ अमेरिकेतच, रोजच्या घरात पार पडावा असे माझे मत आहे. मुक्काम नंतर ठरवता येईल. जाताना ॲडरॉल बरोबर नेऊ नये: ॲम्फेटामिन भारतात १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याखाली येते, आणि ॲडरॉल तेथे कायदेशीररीत्या विकले जात नाही. मेथिलफेनिडेट (एडीएचडीवरचे दुसरे उत्तेजक औषध) आणि ॲटोमॉक्सेटिन भारतात मनोविकारतज्ज्ञांच्या चिठ्ठीवर मिळतात, पण ते सुरू करायचे की नाही हे तेथील डॉक्टरांनी अमेरिकेतली कागदपत्रे पाहून ठरवावे.

ग्रीन कार्डविषयी इमिग्रेशन वकिलाचाच सल्ला घ्या, आणि तो ग्रीन कार्डसाठीच्या वैद्यकीय तपासणीआधी घ्या. सांगितल्याप्रमाणे घेतलेले औषध सहसा अडथळा ठरत नाही. नियंत्रित औषधाच्या वापराचा विकार त्या वेळी सक्रिय असल्याचे निदान झाले, तर अर्ज अडू शकतो. निकषांनुसार तो सलग १२ महिने शमलेला असेल, तर ती अडचण दूर होते. म्हणजे वेळेच्या हिशेबानेही उपचार लवकर सुरू करणेच त्यांच्या फायद्याचे आहे. तपासणीत माहिती लपवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नका, कारण खोट्या माहितीचा परिणाम आजारापेक्षा जास्त काळ टिकतो. नोकरीबाबत, कंपनीत ५० किंवा अधिक कर्मचारी असतील आणि त्यांना तेथे वर्ष पूर्ण झाले असेल, तर कौटुंबिक व वैद्यकीय रजेच्या कायद्याखाली वर्षाला १२ आठवड्यांपर्यंत बिनपगारी रजा मिळू शकते, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालील व्यसनोपचारही त्यात बसतात. व्हिसा नोकरीशी बांधलेला असेल, तर रजेचा अर्ज करण्याआधी हा मुद्दाही त्याच वकिलाला विचारून घ्या.