उपग्रह इंटरनेटला स्पेक्ट्रम लिलावाशिवाय द्यावा का?

गोदाकाठ
माझं मत स्पष्ट आहे: लिलाव नको. 2023च्या दूरसंचार कायद्याने उपग्रहसेवांना स्पेक्ट्रम, म्हणजे रेडिओलहरींचे पट्टे, लिलावाशिवाय थेट द्यायची सोय केली, ती योग्यच आहे. मोबाइलची फ्रिक्वेन्सी एका सर्कलमध्ये (साधारण एका राज्याएवढ्या क्षेत्रात) एकाच कंपनीला मिळते, म्हणून तिथे बोली लागते. उपग्रहाच्या डिशचा झोत मात्र अरुंद असतो, आकाशात नेमक्या दिशेला रोखलेला. आपसात ताळमेळ ठेवला तर तीच फ्रिक्वेन्सी अनेक उपग्रह कंपन्या वापरू शकतात. मग ती एकाच्याच मालकीची का करायची? नोव्हेंबर 2025 मध्ये महाराष्ट्र सरकारने उपग्रह इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंक कंपनीशी इरादापत्र केलं, त्यात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशीम हे जिल्हे आहेत. भामरागडच्या डोंगरात फायबरची वाट किती वर्षं बघायची?

सर्किट_सांगली
भामरागडला द्याच, त्याला कुणाचा विरोध नाही. प्रश्न पुण्या-मुंबईतल्या ग्राहकाचा आहे. 2022च्या लिलावात मोबाइल कंपन्यांनी दीड लाख कोटींच्या बोली लावल्या. दूरसंचार नियामक ट्रायने मे 2025 मध्ये उपग्रहवाल्यांसाठी शुल्क सुचवलं ते महसुलाच्या 4 टक्के, वर शहरी ग्राहकामागे वर्षाला 500 रुपये. म्हणजे महिन्याला 42 रुपयेसुद्धा नाहीत. एकाच घरात, एकाच कामासाठी इंटरनेट विकायचं आणि एकाने कर्ज काढून लहरी घ्यायच्या, दुसऱ्याने नाममात्र दरात? 2012 साली सुप्रीम कोर्टाने 2जी प्रकरणात लिलावाशिवाय दिलेले 122 परवाने रद्द केले, ते कशासाठी होतं?

गोदाकाठ
तिथे ‘आधी येईल त्याला आधी’ या नावाखाली मनमानी झाली होती. त्याच वर्षी राष्ट्रपतींनी विचारलेल्या प्रश्नावर मत देताना कोर्टाने सांगितलं की नैसर्गिक संपत्ती वाटायचा लिलाव हा एकमेव मार्ग नाही. आणि उपग्रहाचा एक झोत जमिनीवर कित्येक किलोमीटर पसरतो, क्षमता त्यातल्या सगळ्यांत वाटली जाते. कोथरूडसारख्या दाट वस्तीत तो फायबरला टक्कर देऊच शकत नाही.

केबल_कराड
तुम्ही दोघं पैशावर भांडताय. मी केबलच्या धंद्यात आहे, आमचा अनुभव ऐका. आमच्या डिश 3700 ते 4200 मेगाहर्ट्झवर चॅनल घेतात, 5जी 3670पर्यंत. मध्ये 30 मेगाहर्ट्झ मोकळे, कागदावर सगळं ठीक. पण 36 हजार किलोमीटरवरून येणारा सिग्नल इतका क्षीण असतो की एलएनबी (डिशवरचा सिग्नल पकडणारा भाग) फार संवेदनशील ठेवावा लागतो, आणि जुने एलएनबी पट्ट्याबाहेरचंही ऐकतात. कंट्रोल रूमजवळ टॉवर सुरू झाला आणि चित्र फुटायला लागलं. फिल्टर आम्ही आमच्या खिशातून बसवले. शेजारच्या पट्ट्यात ही गत, तर एकाच पट्ट्यात 5जी आणि उपग्रह दोघांना बसवल्यावर काय होईल?

गोदाकाठ
दादा, म्हणूनच नियम आधी हवा: जो नंतर आला, फिल्टरचा खर्च त्याचा. एकाच पट्ट्यात दोघांना बसवायलाही वाट आहे. 27.5 ते 28.5 गिगाहर्ट्झ दोघांनाही हवा आहे, पण उपग्रहवाल्यांना तो मुख्यतः गेटवेसाठी, म्हणजे उपग्रहाला इंटरनेटशी जोडणाऱ्या जमिनीवरच्या केंद्रांसाठी लागतो. गेटवे देशभरात मोजकेच असतात. ते वस्तीपासून लांब माळावर उभारा, भोवती 5जीला ठरावीक अंतर राखायला लावा.

सर्किट_सांगली
गेटवेचं मान्य, तिथे वाटून घेता येईल. दराचं मात्र अजिबात नाही. शहरात विकायचं असेल तर शहराचा दर द्या, आणि ग्रामीण जोडण्या खरंच किती दिल्या ते दरवर्षी जाहीर करा. आकडा दिसला नाही तर सवलत बंद.

केबल_कराड
आणि फिल्टरचा खर्च मागच्या तारखेपासून भरून द्या. आधी आम्ही होतो.