मालिश आणि मॅन्युअल थेरपी एक नव्हे
मानेतून उठणाऱ्या डोकेदुखीबद्दल बरेच जण म्हणतात, "मान चोळून घेतली की दोन दिवस बरं, मग डोकं पुन्हा ठणकतं, म्हणजे हे उपचार तात्पुरतेच." हे म्हणणं मालिशपुरतं बरोबर आहे. पण फिजिओथेरपिस्ट हाताने करतात ती मॅन्युअल थेरपी वेगळी. मानेच्या वरच्या तीन मज्जातंतूंचे आणि चेहऱ्याच्या संवेदना नेणाऱ्या (ट्रायजेमिनल) मज्जातंतूचे संदेश मेंदूच्या तळाशी एकाच केंद्रात पोचतात, म्हणून दुखणं मानेच्या सांध्यात असूनही कळ कपाळात किंवा डोळ्यामागे जाणवते. चांगला थेरपिस्ट आधी तो सांधा शोधतो. तुम्हाला उताणं झोपवून, हनुवटी छातीकडे पूर्ण वाकवून मान दोन्हीकडे वळवून पाहतो. एका बाजूला ती लवकर अडली, तर पहिल्या-दुसऱ्या मणक्यातल्या सांध्यावर संशय घेतात.

दुसरा मुद्दा व्यायामाचा. ऑस्ट्रेलियात ग्वेन्डोलेन जल आणि सहकाऱ्यांनी अशा डोकेदुखीच्या २०० रुग्णांवर केलेल्या अभ्यासात (२००२) हाताने केलेले उपचार आणि मानेच्या खोल स्नायूंचे हलके व्यायाम, दोन्हींचा फायदा वर्षभरानंतरही टिकलेला दिसला. उपचार फक्त सहा आठवड्यांचे होते! व्यायामही साधा: उताणं पडून, डोकं न उचलता, "हो" म्हणताना हलवतो तशी मान अगदी हळू हलवायची. तो घरी रोज करता येतो, त्यामुळे मी तरी तो सोडू नका असंच सांगेन.

आणि कळकळीची विनंती, केशकर्तनालयात मान कडकन मोडून घेऊ नका. अशा झटक्याने मानेतली रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत.