हॉट टबचा हीटर गळतोय, घरीच जमेल का?

टबच्या हीटरखाली रोज वाटीभर पाणी साचतंय, पाईपच्या जोडापाशी पांढरे क्षार धरलेत, नट आवळून बघितला तरी थेंब थेंब चालूच आहे, काय करू?

> आधी मेन ब्रेकर बंद कर बाबा, पाणी आणि करंट दोन्ही तिथेच आहेत! मग हीटरच्या दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करून नट खोल, आतली रबरी रिंग चपटी झाली असेल तर नवीन टाक, सिलिकॉन ग्रीस लाव, व्हॅसलिन नको, रबर फुगतं. नट हातानेच आवळ, पाना लावून माझा तडकला होता.

> पण पाणी वायरच्या टर्मिनलमधून येत असेल तर रिंगचा संबंध नाही, एलिमेंट (पाणी तापवणारी कॉइल) गेलंय, ते बदलावंच लागणार.

> रिंगच होती, थँक्यू! टेफ्लॉन टेप गुंडाळणार होतो.

> बरं झालं, तिथे टेपचा काही उपयोग नसतो.