सूर हरवलेल्या बॅटरला बाकावर बसवायचं की खेळवत राहायचं?

फिलीतला_सातारकर

४ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी मी फिलाडेल्फियाच्या सिटिझन्स बँक पार्कमध्ये बेसबॉलची मॅच बघायला होतो. आमच्या फिलीज संघाचा ट्रे टर्नर बॅट घेऊन निघाला, तेव्हा आमच्या पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी मांडीवरचं शेंगदाण्याचं पुडकं खाली ठेवलं आणि गुडघ्यावर हात टेकून ते उभे राहिले. मग शेजारचे उठले, मग मागचे. बघता बघता अख्खं मैदान उभं राहून टाळ्या वाजवत होतं. तेही या गावात, जिथे आपल्याच खेळाडूची हुर्यो उडवायला कुणी मागेपुढे पाहत नाही.

ज्यांना संदर्भ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. डिसेंबर २०२२ मध्ये फिलीज संघानं टर्नरला ११ वर्षांसाठी ३० कोटी डॉलर दिले. बेसबॉलमध्ये सरासरी म्हणजे दर बॅटिंगमागे किती हिट, आणि हिट म्हणजे चेंडू मारून बेस (धावण्याचा टप्पा) गाठणं. ०.३०० सरासरी म्हणजे उत्तम, ०.२५० म्हणजे ठीकठाक. ऑगस्ट उजाडला तरी हा ०.२३५ वर अडकलेला. दोनच दिवस आधी मायामीत पाच वेळा बॅटिंग करून एकही हिट नाही, वर जादा इनिंगमध्ये हातून चेंडू सुटला आणि मॅच गेली. त्या रात्री मॅच संपल्यावरही तो सरावाच्या जाळीत बॅट फिरवत होता. इकडे कुणीतरी रेडिओवर म्हणालं की याला शिव्या देऊन झाल्या, आता घरी येईल तेव्हा उभं राहून स्वागत करू या. लोकांनी ते मनावर घेतलं.

पुढच्या ४८ सामन्यांत टर्नरची सरासरी ०.३३७, आणि होमरन (चेंडू थेट मैदानाबाहेर) १६. त्याआधीच्या चार महिन्यांत मिळून होते १०. नंतर त्यानं गावभर डिजिटल फलक लावून लोकांचे आभार मानले.

माझं म्हणणं असं की सिद्ध झालेल्या बॅटरला संघानं धरून ठेवावं. मॅनेजर रॉब थॉमसननं त्याला क्रमवारीत खाली आणलं, पण संघाबाहेर काढलं नाही, आणि तेच बरोबर होतं. तुम्हाला काय वाटतं?

बाल्टिमोरची_गल्ली

छान गोष्ट आहे, पण मी ज्या गावात राहतो तिथली ऐका.

ख्रिस डेव्हिस. २०१३ मध्ये ५३ होमरन, २०१५ मध्ये ४७. म्हणजे तुमच्या व्याख्येप्रमाणे पुरता सिद्ध झालेला. जानेवारी २०१६ मध्ये आमच्या ऑरिओल्स संघानं त्याच्याशी ७ वर्षांचा १६ कोटी १० लाख डॉलरचा करार केला. २०१८ मध्ये त्याची सरासरी ०.१६८. मग सप्टेंबर २०१८ पासून एप्रिल २०१९ पर्यंत लागोपाठ ५४ वेळा बॅटिंग करून एकही हिट नाही. पिचर (चेंडू टाकणारे) सोडून इतर खेळाडूंमध्ये आधीचा विक्रम ४६ चा होता.

आम्ही धरून ठेवलं की. वर्षामागून वर्षं धरून ठेवलं. २०१८ मध्ये संघ ११५ मॅचेस हरला. सगळं खापर त्याच्या एकट्याच्या डोक्यावर फोडणार नाही, पण त्याच्यामुळे जे झालं नाही तेही मोजा. ट्रे मॅन्सिनी हा मुळात फर्स्ट बेसवर फिल्डिंग करणारा पोरगा. ती जागा डेव्हिसची म्हणून त्याला लांब आउटफिल्डमध्ये धावायला पाठवलं. एक माणूस हरवलेला आणि दुसरा भलत्याच जागी उभा, असं दोन्हीकडून नुकसान.

टर्नरची गोष्ट लोक सांगतात कारण ती गोड संपली. ज्यांना धरून ठेवलं आणि जे कधीच परतले नाहीत, त्यांच्यासाठी कुणी फलक लावत नाही.

आकडेमोड

दोघांनाही थोडं थांबवतो. घसरण म्हणजे नक्की काय, हे ठरवल्याशिवाय हा वाद सुटणार नाही.

समजा एखादा पक्का ०.२५० चा बॅटर आहे आणि हंगामात साधारण ५५० वेळा बॅटिंग करतो. त्याच्या खेळात काहीही बिघडलेलं नाही. तरीही लागोपाठ १५ वेळा हिट न मिळण्याचा प्रसंग त्याच्यावर हंगामात सरासरी पावणेदोन वेळा येईल. हा साध्या संभाव्यतेचा हिशोब आहे, कागद-पेन घेऊन करून बघा. पंधरा वेळा म्हणजे जवळजवळ चार मॅचेस. चार दिवस खाली हात परतला की रेडिओवर आरडाओरडा सुरू होतो, आणि प्रत्यक्षात काहीच झालेलं नसतं. क्रिकेटमध्ये एकदा आऊट झालात की त्या डावापुरतं संपलं, म्हणून आपल्याला प्रत्येक अपयश मोठं वाटतं. इथे १६२ मॅचेस आहेत आणि बॅटर एका मॅचमध्ये चार-पाच वेळा उभा राहतो.

सरासरीनं फसायला होतं ते आणखी एका कारणानं. त्याच २०२३ च्या फिलीज संघात काईल श्वार्बरची सरासरी होती ०.१९७. वर्षभर! पण होमरन ४७ आणि वॉक (पिचरच्या वाईट चेंडूंमुळे फुकट मिळालेला बेस) १२६. मॅनेजरनं त्याला क्रमवारीत पहिल्या नंबरवर खेळवलं आणि योग्यच केलं. सरासरी बघून त्याला बसवलं असतं तर संघाचा घात झाला असता.

बघायचं असेल तर चेंडू बॅटवरून किती वेगानं सुटतोय ते बघा. हे आता २०१५ पासून प्रत्येक मैदानावर मोजलं जातं. चेंडू कडक जातोय पण थेट फिल्डरच्या हातात, तर थांबा. चेंडूच मेलेला सुटतोय किंवा बॅट हवेत फिरतेय, तर विचार करा. डेव्हिस २०१८ मध्ये १९२ वेळा स्ट्राइकआऊट, म्हणजे चेंडू न लागताच बाद झाला. तो दुर्दैवी नव्हता, त्याला चेंडू लागतच नव्हता. तुमच्या दोन उदाहरणांना मी एका पारड्यात टाकणार नाही.

रात्रपाळी

एवढा हिशोब कशाला? ज्याची बॅट चालते त्याला खेळवा. २ जून १९२५ ला यांकीज संघाच्या मॅनेजर मिलर हगिन्सनं वॉली पिपला बसवलं. पिप चांगला खेळाडू होता, दोन वर्षांपूर्वी संघ अजिंक्य झाला तेव्हा फर्स्ट बेसवर तोच होता. पण सरासरी घसरून ०.२४४ वर आली होती. त्याच्या जागी पोरगा उभा केला, लू गेरिग. तो मग लागोपाठ २,१३० सामने खेळला. हगिन्सनं पिपची पुण्याई जपत बसायचं ठरवलं असतं तर?

बाकावरही माणसं असतात. त्यांनीही घाम गाळलेला असतो. मोठ्या नावाला आपण दहा संधी देतो तेव्हा त्या कुणाच्या तरी वाट्याच्या असतात.

वऱ्हाडी_कॅचर

मी अमरावतीकडची, शाळा-कॉलेजात सॉफ्टबॉल खेळले. आपल्याकडे मुली हा खेळ किती जीव लावून खेळतात हे बाहेर फारसं कुणाला माहीत नाही, म्हणून मुद्दाम सांगते.

एका मोसमात मला सहा मॅचेसमध्ये एकही हिट मिळाली नाही. सरांनी काही न बोलता यादीतून नाव काढलं. बाकावर बसून मी काय शिकले? काहीही नाही. बसून बसून डोक्यात एकच घोळत राहायचं, की मला जमत नाही. पुढच्या वर्षी एका सीनिअर ताईनं माझ्या मागे उभं राहून दहा चेंडू बघितले आणि म्हणाली, "अगं, तुझा पुढचा पाय चेंडूकडं जातच नाही, बाहेरच्या बाहेर पडतो. पाय तिकडं आणि बॅट इकडं, लागंल कसा?" तिनं मातीत रेघ ओढली आणि रेघेबाहेर पाय पडला की माझ्या बुटावर बॅटनं टकटक करायची. चार दिवसांत फरक पडला. एक वर्ष माझं फुकट गेलं ते जाऊ नये असं अजून वाटतं.

म्हणून मला गिल हॉजेसची गोष्ट फार जवळची आहे. ब्रुकलिन डॉजर्सचा फर्स्ट बेसमन. १९५२ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे अजिंक्यपदाच्या मालिकेत, सातही मॅचेस खेळला, २१ वेळा बॅटिंग, हिट शून्य. संघ हरला. १९५३ चा हंगाम सुरू झाला तरी तेच. ब्रुकलिनमधल्या एका चर्चच्या फादरांनी एका उकाड्याच्या रविवारी सांगितलं की आज प्रवचन नको, घरी जा, धर्माज्ञा पाळा आणि गिल हॉजेससाठी प्रार्थना करा. लोकांनी खरंच केली. पण त्याच वेळी मॅनेजर चक ड्रेसननं आणखी एक काम केलं, त्याच्या बॅटिंगची फिल्म काढवली. फिल्ममध्ये दिसलं की त्याचा पुढचा पाय चेंडूपासून लांब पडतोय. माझ्यासारखाच! उभं राहण्याची पद्धत सुधारली, आणि त्या वर्षी त्यानं ०.३०२ च्या सरासरीनं ३१ होमरन मारले. पुढच्या वर्ल्ड सिरीजमध्ये ०.३६४.

सातारकरांचं म्हणणं मला पटतं, पण अर्धंच. टाळ्या वाजवा, प्रार्थना करा, पण पाय कुठे पडतोय ते कुणीतरी बघायलाच हवं. सचिननं २००४ मध्ये सिडनीत कव्हर ड्राइव्ह बाजूला ठेवून नाबाद २४१ केले, ते काय होतं? तो संघात होता म्हणून बदलू शकला. बाकावर बसून बदलला नसता.

बाल्टिमोरची_गल्ली

@वऱ्हाडी_कॅचर, तुमचं वर्ष वाया गेलं हे वाचून वाईट वाटलं. पण तुमचं उदाहरण माझ्या बाजूनं जातं. तुम्हाला बसवलं ही चूक नव्हती, बसवून विचारपूस केली नाही ही चूक होती. जून २०१८ मध्ये ऑरिओल्सनंही डेव्हिसला काही दिवस बाहेर ठेवून त्याच्या बॅटिंगवर काम करून घेतलं होतं. तरी उपयोग झाला नाही, हे वेगळं.

आणि पैशाची बाजू कुणी काढतच नाही. हे करार पूर्ण हमीचे असतात. खेळवा, बसवा, घरी पाठवा, पैसे द्यावेच लागतात. पाच वर्षं लीगमध्ये काढलेल्या खेळाडूला त्याच्या संमतीशिवाय खालच्या लीगमध्येही पाठवता येत नाही. मग मालकाला वाटतं, एवढे मोजलेत तर खेळवून घेऊ. गेलेल्या पैशापायी रोजची मॅच घालवायची. डेव्हिसच्या कराराचे हप्ते तर २०३७ पर्यंत चालणार आहेत. याला मी विश्वास म्हणणार नाही.

फिलीतला_सातारकर

पैशाचा मुद्दा मान्य. पैसे मोजलेत म्हणून खेळवणं चूकच.

पण @रात्रपाळी, गेरिगची गोष्ट तुम्ही १९२५ ला थांबवलीत. पुढची मला सांगू द्या, कारण ती वाचताना माझा गळा भरून येतो. १९३९ चा हंगाम सुरू झाला आणि गेरिगला २८ वेळा बॅटिंग करून फक्त चार हिट. साधे चेंडू त्याला जमेनात. मॅनेजर जो मॅकार्थीनं त्याला बसवलं नाही, निर्णय त्याच्यावर सोडला. २ मे ला डेट्रॉइटमध्ये गेरिग स्वतः मॅकार्थीकडे गेला आणि म्हणाला, मला काढा. जूनमध्ये कळलं की त्याला असाध्य मज्जाविकार झालाय. आज तो आजार अमेरिकेत त्याच्याच नावानं ओळखला जातो. जो माणूस चौदा वर्षं एक मॅच चुकला नाही, त्याच्या शरीराबद्दल लोक स्टँडमधून काय काय बोलले असतील. म्हणून मला घाई नको वाटते. बॅट चालत नाही यामागे काय आहे हे बाहेरून कळत नाही. आधी डॉक्टर, मग फिल्म, मग बाक.

दुसरं, नवख्या पोरांनाही हेच लागू करा. १९५१ मध्ये विली मेज वीस वर्षांचा होता, खालच्या लीगमध्ये मिनियापोलिसकडून ०.४७७ नं खेळत होता म्हणून जायंट्स संघानं त्याला वर बोलावलं. पहिल्या २६ वेळांत एक हिट. पोरगा ड्रेसिंग रूममध्ये रडला, म्हणाला मला परत पाठवा. मॅनेजर लिओ ड्युरोशरनं सांगितलं की मी इथे आहे तोवर माझा सेंटर फिल्डर तूच. त्या वर्षी तो रुकी ऑफ द इयर (सर्वोत्तम नवखा खेळाडू) झाला आणि संघानं लीग जिंकली. रात्रपाळी, तुमच्या नियमानं मेज परत मिनियापोलिसला गेला असता.

रात्रपाळी

मेजचं मानतो. वीस वर्षांच्या पोराला वेळ द्यायलाच हवा, माझा रोख मोठ्या नावांवर होता.

गेरिगबद्दल मात्र माझं मत उलटं आहे. तो निर्णय त्याच्यावर ढकलायला नको होता. २,१३० सामने खेळलेल्या माणसाला स्वतःहून "मला काढा" म्हणायला लावणं हे मॅनेजरनं आपलं काम न करणं आहे. जानेवारी २०२५ मध्ये सिडनी टेस्टला रोहित शर्मा स्वतः बाहेर बसला, तेव्हाही मला हेच वाटलं होतं. कर्णधारालाच स्वतःचं नाव खोडावं लागलं.

आकडेमोड

क्रमवारीत खाली आणण्याचा उपाय सातारकरांनी पहिल्याच पोस्टमध्ये सांगितला आणि पुढे कुणी त्याच्याकडे वळलंच नाही. त्याची किंमत मोजता येते. क्रमवारीत एक जागा खाली म्हणजे पूर्ण हंगामात सुमारे १८ वेळा कमी बॅटिंग. दुसऱ्यावरून आठव्यावर म्हणजे शंभराहून अधिक वेळा कमी. संघाचं नुकसान आटोक्यात राहतं, आणि त्याला रोज बॅट हातात धरायलाही मिळते. माझ्या मते पहिला उपाय हाच. महिनाभर चेंडू कडक सुटलाच नाही, तरच बाक.

वऱ्हाडी_कॅचर

महिनाभर चालेल. फक्त त्या महिन्यात रोज कुणीतरी त्याच्या मागे उभं राहून पाय बघायचा, एवढं त्यात लिहा.

बाल्टिमोरची_गल्ली

महिनाभर मलाही चालेल. आमच्याकडे तीन वर्षं झाली होती.

१३ एप्रिल २०१९ ची मॅच मी घरी बघत होतो. बॉस्टनमध्ये, फेनवे पार्कवर. पहिल्याच इनिंगमध्ये रिक पोर्सेलोच्या चेंडूवर डेव्हिसला हिट मिळाली, दोन रन आले. फर्स्ट बेसवर उभं राहून त्यानं हात हलवून तो चेंडू डगआऊटकडे (संघाच्या बाकाकडे) पाठवायला सांगितला, जपून ठेवायला. अख्खा डगआऊट नाचत होता. मीही सोफ्यावरून उठलो होतो, बायको आतून विचारत होती काय झालं म्हणून. त्या दिवशी त्याला तीन हिट मिळाल्या आणि आम्ही जिंकलो.

त्या हंगामाच्या शेवटी त्याची सरासरी ०.१७९ होती. उठून उभा राहिलो त्याचा मला पस्तावा नाही. आणि फर्स्ट बेसवर मॅन्सिनी हवा होता, हेही मी मागे घेत नाही.