काळी माती आणि बाभळीचा काटा

क्रॉस-कंट्रीच्या, म्हणजे शेतामाळातून धावण्याच्या शर्यतीला जाताना काय तयारी हवी, याची इथे चर्चा चाललीय. नवे बूट स्पर्धेच्या दिवशीच पहिल्यांदा घाला म्हणजे पकड चांगली मिळते, असं वर कोणीतरी लिहिलंय. मला ते अजिबात पटत नाही. निदान तीन-चार सराव त्याच बुटांवर झालेले हवेत. बिबसाठी, म्हणजे छातीवर लावायच्या नंबरासाठी, चार सेफ्टी पिना स्वतःच्या ठेवा, हा वरचा सल्ला मात्र शंभर टक्के खरा.

पण आपल्याकडच्या काळ्या मातीचं कोणीच बोललं नाही. सोलापूरच्या आसपास बांधाकडेने धावलेल्यांना ठाऊक असेल, आदल्या रात्री सर पडली की बुटाच्या तळाला असलेल्या खिळ्यांमधली जागा चिखलाने भरते आणि दोनशे मीटरांत बूट विटेएवढा जड होतो. त्यात बाभळीचे काटे. गेल्या वर्षी वॉर्मअपमध्येच माझ्या मुलीच्या बुटातून अंगठ्याखाली काटा घुसला. पिशवीत चिमटा होता म्हणून ती दहा मिनिटांत उभी राहिली आणि पळाली. तेव्हापासून चिमटा, चिखल काढायला जुना टूथब्रश आणि कोरडे मोजे एकाच डब्यात असतात. खाण्याचं म्हणाल तर कडक भाकरी-शेंगाचटणी शर्यतीनंतरच. आधी फक्त केळं, तेही दीड-दोन तास अगोदर.